चाळिशीनंतर उतरवलेलं वजन परत का येतं? बिघाड शोधायचा क्रम

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. वय बेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान. दोन-अडीच महिने कडक डाएट केलं, सहा-सात किलो उतरले, कपडे सैल झाले, घरच्यांनी कौतुक केलं. मग गणपती आले, दिवाळी आली, लग्नसराई आली आणि वर्षभरात सहाचे आठ होऊन परत आले. पुन्हा डाएट, पुन्हा तेच. दर खेपेला वजन उतरायला जास्त दिवस लागतात आणि चढायला कमी. शेवटी निष्कर्ष निघतो तो एकच: "वयामुळे मेटाबॉलिझम स्लो झालंय." मग कुणी जिऱ्याचं पाणी सुचवतं, कुणी ग्रीन टी, कुणी डबाभर महागडी पावडर.

निदान चुकलं की उपायही चुकतो, आणि इथे निदानच चुकलेलं असतं. म्हणून आधी वयाचा मुद्दा निकालात काढू.

ऑगस्ट २०२१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतली ६,४००हून अधिक माणसं, वय आठ दिवसांपासून ९५ वर्षांपर्यंत. पद्धत अशी, की जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि पुढचे काही दिवस ही दोन्ही मूलद्रव्यं लघवीतून किती वेगाने कमी होतात ते मोजायचं. त्या फरकावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, म्हणजेच रोजच्या जगण्यात एकूण किती ऊर्जा खर्च केली, ते कळतं. माणूस घरी, कामावर, बाजारात कुठेही असला तरी मोजणी चालूच राहते.

निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. शरीराचं आकारमान हिशेबात धरलं, की सगळ्यात वेगवान चयापचय (मेटाबॉलिझम) वर्षाच्या बाळाचं असतं, मोठ्या माणसापेक्षा जवळजवळ ५० टक्क्यांनी जास्त. तिथून विशीपर्यंत तो वेग दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी उतरत जातो. आणि वीस ते साठ या चाळीस वर्षांत तो जवळपास स्थिर राहतो. पाळी जाण्याच्या काळातही वेगळी घसरण दिसली नाही. खरी उतरण साठीनंतर सुरू होते, वर्षाला साधारण ०.७ टक्के. नव्वदीतल्या माणसाची ऊर्जेची गरज मधल्या वयातल्या माणसापेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असते.

म्हणजे पंचेचाळिशीत पेशींनी काम मंद केलेलं नाही. तरीही मोबाइलमधली कॅलरीची अ‍ॅप्स वयानुसार आकडा कमी का दाखवतात? त्यातली बरीचशी १९९०चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात आणि त्या सूत्रात वयाच्या प्रत्येक वर्षामागे ५ कॅलरी वजा होतात. पंचविशी आणि पंचेचाळिशीत वजन तेवढंच असलं तरी विश्रांतीतल्या खर्चात १०० कॅलरींचा फरक दिसतो. सूत्राला फक्त वजन, उंची, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच माहीत असतं. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्याला कळत नाही, आणि वयाबरोबर बहुतेकांचं बदलतं ते हेच प्रमाण. आपल्याला बिघाड इथेच शोधायचा आहे. पण त्याआधी दोन सोप्या गोष्टी तपासून बाजूला ठेवा.

वजन खरंच परत आलंय का?

यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी राहतं. भात-चपाती बंद करणाऱ्या डाएटमध्ये पहिल्या आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, त्यात मोठा वाटा या पाण्याचा असतो. पुन्हा भात सुरू केला की ते तीन-चार दिवसांत परत येतं. ही चरबी नव्हे. लोक मात्र याच टप्प्यावर हताश होऊन सगळं सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. सोबत शिंप्याची टेप घ्या. महिन्यातून दोनदा कंबरेचा घेर मोजा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. वजन थोडं वाढलं पण घेर तोच राहिला, तर घाबरण्यासारखं काही नाही. वजन तेवढंच आणि घेर वाढतोय, तर मात्र पुढचा भाग नीट वाचा.

आजार आणि औषधं

थायरॉइडला सगळ्यात आधी दोषी ठरवलं जातं. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) तपासून घ्या, ती साधी रक्ततपासणी आहे. मात्र थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंच्या घरातलं असतं आणि त्यात मीठ-पाणी साठण्याचा वाटा मोठा असतो. गोळी सुरू असून टीएसएच नॉर्मल असेल, तर पंधरा किलोंचा दोष थायरॉइडवर टाकता येत नाही. स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं, फिट्स किंवा नसांच्या दुखण्यावरची काही औषधं वजन वाढवतात. वजन चढायला लागलं तो महिना आणि औषध सुरू झालं तो महिना जुळतो का, ते जुन्या प्रिस्क्रिप्शनवरून पाहा. जुळत असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा, गोळी स्वतःहून बंद करू नका. रात्री जोरात घोरणं आणि दिवसा पेंग येणं हेही त्यांना सांगा.

इथे काही सापडलं नाही, तर कारण बहुधा पुढच्या तीनांपैकी एक असतं. अनेकदा तिन्ही एकत्र असतात.

पहिलं कारण: शरीर लहान झालं, भूक मोठी झाली

लहान शरीराला कमी ऊर्जा लागते. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये मांडलेला एक ठोकताळा फार उपयोगी आहे: कायमच्या एका किलोच्या फरकामागे रोजच्या खाण्यात सुमारे २४ कॅलरींचा कायमचा फरक लागतो. म्हणजे १० किलो उतरवून तिथेच राहायचं असेल, तर पूर्वीपेक्षा रोज साधारण २४० कॅलरी कमी, त्याही कायम. डाएट ‘संपलं’ म्हणून पूर्वीच्या खाण्यावर परत गेलात, तर दोन-तीन वर्षांत वजन पूर्वीच्या जागी जाणारच. यात तुमच्या इच्छाशक्तीचा काही दोष नाही, हा सरळ हिशेब आहे.

याहून अवघड भाग भुकेचा. हॉल यांच्याच गटाच्या २०१६मधल्या विश्लेषणात असं दिसलं, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २०-३० कॅलरींनी घटतो, पण खाण्याची ओढ मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. चरबी कमी झाली की तिच्यातून येणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. पाच किलो उतरवलेल्या माणसाला दिवसाला ५०० कॅलरींची जास्तीची ओढ सांभाळावी लागते, आणि भोवतालचे लोक त्याला म्हणतात, "तोंडावर ताबा नाही." असं म्हणू नये.

सेमाग्लुटाइड, टर्झेपॅटाइड या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांचा मुख्य परिणाम याच भुकेवर होतो. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. ओढ परतली, तसं वजनही परतलं.

वेगाने, उपाशी राहून वजन उतरवलं की काय होतं, याची टोकाची नोंद अमेरिकेतली आहे. वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यांपैकी ४१ किलो परत आले होते आणि विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. ज्यांनी वजन टिकवलं त्यांचाही वेग मंदावला होता, पण त्यांची रोजची हालचाल इतरांपेक्षा खूप वाढलेली होती.

करायचं काय? आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू नका. चार-पाच किलो उतरले की थांबा आणि तितकेच महिने तिथेच टिकून राहा. या काळात वजन कमी झालं नाही म्हणून निराश होऊ नका, टिकवण्याचा सराव हेच त्या महिन्यांचं काम आहे. पंधरा दिवसांत पाच किलो उतरवून देण्याची हमी कुणी देत असेल तर तिथे पैसे भरू नका.

आणि २४० कॅलरी कुठून काढायच्या, याचं उत्तर बहुतेक मराठी घरांत भातात किंवा भाकरीत नसतं, तेलाच्या डब्यात असतं. महिन्याला घरात किती तेल येतं ते मोजा, शेंगदाण्याचा कूट आणि तूप वेगळं लिहा. चार माणसांत पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० कॅलरी निव्वळ फोडणी-तळणातून. तोच डबा सहा-सात आठवडे पुरवला, तर प्रत्येकाच्या खाण्यातून दिवसाला शंभरावर कॅलरी जातात आणि पानातला एकही पदार्थ कमी होत नाही. राहिलेला फरक चहातली साखर आणि संध्याकाळची फरसाणाची वाटी यांतून सहज निघतो.

दुसरं कारण: उतरलं ते स्नायूंसकट, परत आली ती चरबी

माझ्या मते दर खेपेला वजन आधीपेक्षा वर का जातं, त्याचं उत्तर इथे आहे.

व्यायामाशिवाय आणि पुरेशा प्रथिनांशिवाय डाएट केलं, की उतरलेल्या वजनाचा साधारण पाव भाग चरबीविरहित असतो आणि त्यात स्नायू असतात. अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. नंतर खायला मिळाल्यावर चरबी लवकर परतली, स्नायू मागे राहिले. मूळची चरबी भरून निघाल्यावरही भूक शमली नाही. पुढे या आकड्यांचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की चरबीविरहित भाग पूर्ववत होईपर्यंत माणसं जास्त खात राहिली आणि तोवर चरबी मूळच्या पातळीच्या वर गेली. ते सगळे सडसडीत तरुण होते, त्यामुळे त्यांचा अनुभव पन्नाशीतल्या स्थूल माणसाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण सहाचे आठ का होतात, याचं याहून पटणारं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही.

आपल्यासाठी हा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण आपली सुरुवातच कमी स्नायूंवर होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासात तर जन्मतः कमी वजनाच्या बाळांमध्येही स्नायू कमी आणि चरबी टिकून, असं चित्र दिसलं. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ऐवजी २३ बीएमआयवर धरतात, त्यामागे हेच कारण आहे. काट्यावर ‘नॉर्मल’ दिसणाऱ्या माणसाने पुन्हा पुन्हा उपाशी राहून वजन उतरवणं आपल्याकडे विशेष धोक्याचं आहे. मोजके स्नायू, तेही दर खेपेला थोडे गमावायचे.

इथे जिममध्ये हमखास ऐकू येणारा एक दावा खोडायला हवा: "मसल वाढवा, झोपेतही फॅट जळेल." विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतो. एक किलो चरबी साडेचार. यकृत किलोमागे सुमारे २००, मेंदू २४०, हृदय आणि मूत्रपिंडं ४४०. दोन किलो स्नायू कमावले तरी जेमतेम २६ कॅलरी. स्नायू हवेत ते दुसऱ्या कारणांसाठी: जेवणानंतरची साखर रक्तातून उचलून साठवायची मोठी जागा तीच आहे, जिने चढायची ताकद तीच देते, आणि ताकद असेल तर माणूस दिवसभर आपसूक जास्त हलतो.

प्रथिनांचा हिशेब एकदा कागदावर करा. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेची शिफारस दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वजन उतरवताना आणि पन्नाशीनंतर मी १ ते १.२ ग्रॅम धरते. ६० किलोंच्या बाईला ६० ते ७० ग्रॅम. आता तिचं ताट पाहा: सकाळी पोहे पाचेक ग्रॅम, चपाती तीन ग्रॅम, पातळ वरणाची वाटी चार-पाच ग्रॅम. पूर्ण दिवस शाकाहारी खाऊन बेरीज चाळिशीही गाठत नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. वरण घट्ट करा, मोड आलेल्या मटकी-मुगाची उसळ तोंडी लावण्यापुरती न घेता मोठी वाटी घ्या. दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर सुमारे १८, १०० ग्रॅम मासळी किंवा चिकन १८ ते २५, ३० ग्रॅम सुके सोया चंक्स १५ ग्रॅम. हे एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुशअप, पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी आलटूनपालटून नेणं, रबरी बँड. सुरुवातीला एवढं पुरतं, पण भार हळूहळू वाढला पाहिजे. वर्षभर त्याच दोन किलोंच्या डंबेलवर राहिलात तर स्नायूंना वाढायचं कारणच उरत नाही. नुसतं चालणं चांगलं आहे, पण ते हे काम करत नाही.

तिसरं कारण: न दिसणारी हालचाल आटली

१९९९मध्ये अमेरिकेतले संशोधक जेम्स लेव्हिन यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी ०.३६ किलोने वाढली, कुणाची ४.२३ किलोने. फरक पडला तो व्यायामाबाहेरच्या हालचालीमुळे: उठबस, उभं राहणं, येरझाऱ्या, अस्वस्थपणे हातपाय हलवणं. आता पंचविशीतला आणि पन्नाशीतला दिवस शेजारी ठेवून पाहा. लोकलसाठी धावपळ, कडेवर मूल, तिसऱ्या मजल्यावरचं घर. पुढे स्कूटर, मग कार, लिफ्ट, धुण्याभांड्यांना मदतनीस, भाजीसुद्धा दारात. चयापचय तेवढंच राहिलं, दिवस मात्र बदलला. कमी खाताना शरीर ही हालचाल नकळत आणखी आखडतं, म्हणून डाएटवर असताना माणूस संध्याकाळी सोफ्यावरून उठत नाही. डाएटच्या आधीचा एक आठवडा मोबाइलमध्ये रोजची पावलं नोंदवा आणि डाएट सुरू झाल्यावर ती घटू देऊ नका. सकाळचा तासभर चालून आल्यावर उरलेला दिवस खुर्चीत गेला, तर ती कसर भरून निघत नाही.

पाळी जाण्याच्या काळात पोटच का वाढतं

खर्चाचा वेग स्थिर असला तरी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्यावर चरबी साठायची जागा बदलते. मांड्या-नितंबांऐवजी ती पोटाच्या आत जाते. वजन जेमतेम वाढतं आणि घेर मात्र पाच-सहा सेंटिमीटर, त्यामुळे बायकांना वाटतं काहीतरी बिघडलं. उपाय वरचेच, पण यश काट्यावर न मोजता टेपवर मोजा. रात्री घाम येऊन झोपमोड होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. अपुऱ्या झोपेत भूक वाढते, आणि ही झोपमोड औषधाने टाळता येण्यासारखी असताना सोसत बसू नका.

साठीनंतर

इथे खर्च खरोखर उतरतो, पण म्हणून आई-बाबांना डाएटवर ठेवू नका. या वयात स्नायू जाणं पोट सुटण्यापेक्षा घातक असतं. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो चरबीविरहित भाग कमी झाला. डेंग्यू, गुडघ्याचं ऑपरेशन, न्यूमोनिया यांनंतर ‘आजोबा बारीक झाले, बरं झालं’ असं घरचे म्हणतात तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. आजारपणातून उठताच प्रत्येक जेवणात डाळ-दही-अंडं असं काही घट्ट हवं, आणि डॉक्टरांनी मुभा दिली की खुर्चीतून उठण्याबसण्याचा व्यायाम.

कुणीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्के किंवा त्याहून जास्त घट झाली, म्हणजे ६० किलोंचे ५७ झाले, तर त्याला वय किंवा मेटाबॉलिझम म्हणून सोडून देऊ नका. मधुमेह, थायरॉइड, क्षय, कॅन्सर, नैराश्य, नीट न बसणारी कवळी, यांतलं काहीही असू शकतं. वजनाच्या जुन्या नोंदी आणि चालू औषधांची यादी घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.